जुने फोटो रद्दीत टाकू नका भो, आधी आम्हाला दाखवा

राम राम मंडळी. जळगावच्या आपल्या विद्यापीठाच्या किंवा त्याआधी पुणे विद्यापीठाच्या टीममधून कधीही फुटबॉल खेळलेल्या किंवा ज्यांच्या घरातलं कोणी खेळलेलं आहे अशा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सगळ्यांना आपल्या क्लबकडून ही विनंती. आपण विद्यापीठाच्या आजीमाजी खेळाडूंच्या क्लबचा इतिहास गोळा करतोय, आणि त्यासाठी कागद पण लागणारेत आणि थोडे पैसे पण.

हे डोक्यात कसं आलं ते आधी सांगतो. धुळ्याचे आमचे एक काका होते, पुणे विद्यापीठाच्या काळातले गोलकीपर. आम्हा पोरांना पहाटे ग्राउंडवर उभं राहून शिकवायचे, मागनं आवाज यायचा "मांगे देख रे भो, मांगे!" आणि आपण वळून बघावं तर खरंच मागे स्ट्रायकर मोकळा सुटलेला असायचा. टीमच्या सरावाच्या कॅम्पला पुण्याला जायचं तर धुळे-चाळीसगाव पॅसेंजर पकडायची, चाळीसगावला गाडी बदलायची, बूट दोघात एक जोडी, असलं सगळं ते तासनतास सांगायचे आणि आम्ही ऐकायचो, पण लिहून एकानेही घेतलं नाही, मोबाइल खिशात असून रेकॉर्डिंगसुद्धा केलं नाही. मागच्या वर्षी काका गेले. आम्ही दिवसांना गेलो तेव्हा कळलं की घराची साफसफाई झाली त्यात जुनी पेटी रिकामी केली, कागद रद्दीत गेले. घरच्यांची काहीच चूक नाही, त्यांना कोण सांगणार की त्या पिवळ्या कागदात काय होतं. सांगायला आम्ही होतो ना. ते आम्हाला फार लागलं.

विद्यापीठाच्या टीमचं एक असतं, ती टिकतच नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय 17 ते 25, म्हणजे पोरगं जरा तयार होतं, कॉलेजच्या मॅचेस, मग विभागाच्या, मग सिलेक्शन, कॅम्प, वेस्ट झोनची (पश्चिम विभागातल्या विद्यापीठांची) स्पर्धा, एवढं होईस्तोवर डिग्री संपते आणि तो नोकरीला पुण्या-सुरतेला निघून जातो. दरवर्षी नवीन 11 आणि नवीन कोच. पगार नाही, काँट्रॅक्ट नाही, सगळे हौशी, त्यामुळे कागद सांभाळायला कायमचा माणूसच नाही. मोठ्या शहरातल्या जुन्या क्लबांना निदान ऑफिस असतं, कपाट असतं. आपल्याकडे इतिहास म्हणजे कोणाच्या तरी घरातली पत्र्याची पेटी.

त्यात आपला कागद तीन नावांत विखुरलेला आहे. 1990 च्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठात होती, म्हणजे त्या काळच्या खेळाडूच्या सर्टिफिकेटवर पुण्याचं नाव. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि 2018 ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. अमळनेरचं प्रताप कॉलेज तर 1945 चं, म्हणजे आपलंच काय, पुणे विद्यापीठसुद्धा (1949) त्याच्यानंतरचं. तोवर ते मुंबई विद्यापीठात होतं, म्हणून कोणाच्या आजोबांकडे मुंबई विद्यापीठाचं काही निघालं तर ते आपलं नाही असं समजू नका, ते सगळ्यात आधी आणा!

बाहेरच्या जगात पण फुटबॉलचे कागद कसे हरवले ते सांगतो. 1848 साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात पोरांची रोज भांडणं व्हायची, कारण जो तो आपापल्या शाळेच्या नियमाने फुटबॉल खेळायचा, कोणी हातात बॉल घेतला की दुसरा ओरडणार. मग 14 जण ट्रिनिटी कॉलेजच्या एका पोराच्या रूमवर बसले, तेव्हा कॉलेजचं जेवण दुपारी 4 ला असायचं, जेवण करून बसले ते रात्री बाराला पाच मिनिटं कमी असताना उठले, आणि एकच नियमावली करून पार्कर्स पीस मैदानावर लावली. फुटबॉलच्या इतिहासातला एवढा मोठा कागद, पण त्याची 1848 ची एक प्रत आज जगात कुठेच नाही. जी जुन्यात जुनी मिळते ती 1856 च्या सुमाराची, ती पण एका शाळेच्या लायब्ररीत राहिली म्हणून. आणि त्या रात्रीचं सगळं आपल्याला कसं माहीत? तर त्यातल्या हेन्री माल्डन नावाच्या एकाने 1897 मध्ये, 49 वर्षांनी, आठवून एक पत्र लिहिलं. तेवढं एक पत्र. म्हणून ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांनी पण यावं, तुम्ही बसून बोला, आम्ही लिहून घेतो.

काय पाहिजे तर टीमचे फोटो, सर्टिफिकेट, पेपरची कात्रणं, कॅम्पची पत्रं, जर्सी, जुने बूट, मॅचचा स्कोअर लिहिलेली वही, काहीही. मुलींच्या टीमचं जे असेल ते तर आवर्जून, आमच्याकडे त्यांचे फोटो फारच कमी आलेत. तुमची वस्तू तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देणार, ठेवून घेणार नाही. फक्त एक करा, काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फाटतो, फ्रेमसकट आणा. लॅमिनेशन करू नका. मागे नावं लिहायची तर पेनने नको, पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. आणि पेपरची कात्रणं फोटोंना लागून ठेवू नका, त्या कागदात ॲसिड असतं, तो स्वतः पिवळा पडतोच आणि शेजारच्याला पण डाग पाडतो.

आता पैशाचं. एक चांगला फ्लॅटबेड स्कॅनर, दोन हार्डडिस्क (एक जळगावला, एक धुळ्याला, म्हणजे एकीकडे काही झालं तरी दुसरी राहील), आणि शहादा, शिरपूर, चाळीसगाव, भुसावळला जुन्या खेळाडूंच्या घरी जायचं एसटीचं भाडं. उरले तर पुस्तक छापू. काम करणाऱ्या कोणाला एक रुपया नाही, पोरं आपली सुट्टी घालवून करतायत. शंभर द्या, पाचशे द्या, जमत नसेल तर स्कॅनर महिनाभर वापरायला द्या, तेही चालेल. प्रत्येकाला पावती मिळणार आणि खर्चाचा हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकणार, बिलांच्या फोटोसकट.

आणि हे जरा लवकर करायचंय. जे पुणे विद्यापीठाच्या टीमकडून खेळले त्यातले बरेच आता सत्तरीत आहेत, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला गेला की कोणाच्या घरी जाणं होत नाही, पाऊस पडला की काळ्या मातीत बुटाला किलोभर चिखल लागतो, ग्राउंडपण बंद. दिवाळीनंतरचे चार महिने हातात आहेत.

दर रविवारी सकाळी प्रॅक्टिस झाली की आम्ही ग्राउंडवरच टेबल मांडून बसतो, चहा आहे, या. सध्या एक फोटो अडलाय, उभ्या पट्ट्यांची जर्सी, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा पोरगा, कपाळाला पट्टी बांधलेली, बाकी दहा नावं लागली पण हा कोण ते कोणालाच सांगता येत नाहीये. भुसावळकडचा असावा असं दोघं म्हणतायत. कोणी ओळखत असेल तर पैसे राहू द्या, आधी त्याचं नाव सांगा.