दोन इंची पाइप आणि आपली वही

आदरणीय साहेब,

सविनय नमस्कार.

आपल्या निरोप समारंभात बोलण्याची माझी पाळी आली, तेव्हा ‘साहेबांनी खूप शिकवले’ एवढेच म्हणून मी खाली बसलो होतो. नेमके काय शिकवले ते सांगायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. आयटीआय करून वेल्डिंगला लागलेल्या आणि एएसएमई सेक्शन नाइन (वेल्डिंगच्या पद्धती आणि वेल्डरांच्या परीक्षा यांचा अमेरिकी कोड, म्हणजे नियमांचे पुस्तक) हे नाव ऐकताच बिचकणाऱ्या मुलांच्याही ते वाचनात यावे, यासाठी उघडपणे लिहितो आहे. आपल्या इच्छेनुसार आपले नाव घातलेले नाही.

भोसरीत सहा वर्षे वेल्डिंग केल्यावर मला क्वालिटी विभागात घेण्यात आले आणि वेल्डरांची पात्रता कार्डे भरण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या एका वेल्डरने सहा इंची, शेड्यूल ४० (म्हणजे नेहमीच्या जाडीच्या भिंतीच्या) पाइपवर सिक्स जी स्थितीत परीक्षा दिली होती. पाइप ४५ अंशांत तिरपा बांधलेला आणि न फिरवता वेल्डिंग करायचे, म्हणजे सर्वांत अवघड स्थिती. तेव्हा जो यात उत्तीर्ण झाला तो सगळ्यात उत्तीर्ण, अशा समजुतीने मी कार्डावर ‘सर्व स्थिती, सर्व व्यास’ असे लिहून टाकले. त्या कार्डाच्या भरवशावर दोन इंची लाइनचे सोळा जॉइंट झाले आणि ग्राहकाच्या निरीक्षकाने ते सगळे थांबवले. चूक माझी होती. जॉइंट कापावे लागले तेव्हा शॉपमध्ये मला जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही. आपण मात्र एक शब्दही न बोलता कोडचे पुस्तक माझ्यापुढे ठेवलेत आणि क्यूडब्ल्यू-४५२.३ हा तक्ता काढायला सांगितलात.

स्थितीबाबत माझे बरोबरच होते. सिक्स जीने सर्व स्थिती मिळतात. व्यासाचा हिशेब मात्र वेगळ्या तक्त्यात आहे. परीक्षेचा पाइप ७३ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर वेल्डरला ७३ आणि त्याहून मोठ्या बाह्य व्यासाचीच पात्रता मिळते. दोन इंची म्हणतात त्या पाइपचा बाह्य व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. आपण पाइपचा एक तुकडा माझ्या हातात देऊन त्याच्याभोवती इलेक्ट्रोड फिरवायला लावलात, आणि लहान पाइपवर हाताचा कोन किती भराभर बदलावा लागतो ते मला तिथल्या तिथे उमगले. तक्त्यातल्या आकड्यामागे वेल्डरचे मनगट असते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि तेही स्वतः सहा वर्षे वेल्डर असूनसुद्धा!

त्यानंतर आपण त्या वेल्डरची नवी परीक्षा दोन इंची, एक्सएक्सएस (म्हणजे फार जाड भिंतीच्या) पाइपवर घ्यायला लावलीत. एवढ्या लहान पाइपला ११.०७ मिलिमीटरची जाड भिंत कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा आपण पूर्ण दुपार खर्च केलीत. परीक्षेत जेवढ्या जाडीचा धातू भरला जातो त्याच्या दुपटीपर्यंत पात्रता मिळते, पण दोन प्रक्रिया वापरल्या तर प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र धरायचा: आर्गनने (म्हणजे टिग वेल्डिंगने) तीन मिलिमीटर भरले तर आर्गनची पात्रता सहापर्यंत, वर ७०१८ रॉडने (म्हणजे साध्या इलेक्ट्रोडने) आठ भरले तर रॉडची सोळापर्यंत. शिवाय रॉडचे थर आर्गनच्या रूटवर (जोडाच्या तळाच्या पहिल्या थरावर) बसले असल्यामुळे त्यांना आधार मिळालेला असतो, म्हणून नुसत्या रॉडने उघडा, म्हणजे बिनआधाराचा, रूट मारण्याची पात्रता त्यातून मिळत नाही. हे शेवटचे वाक्य मी कार्डावर लिहायला विसरलो असतो. आपण ते लाल पेनाने लिहवून घेतलेत.

माझा खरा गोंधळ डब्ल्यूपीएस (वेल्डिंगच्या पद्धतीचा कागद), पीक्यूआर (ती पद्धत तपासल्याची नोंद) आणि डब्ल्यूपीक्यू (वेल्डरच्या पात्रतेची नोंद) या तीन कागदांचा होता, आणि तो आपण ज्या शब्दांत सोडवलात ते शब्द मी आज माझ्या हाताखालच्या मुलांना जसेच्या तसे सांगतो. पीक्यूआर हा पंचनामा आहे; त्या दिवशी जे घडले तेच त्यात लिहायचे, किती अँपिअर, कोणती प्लेट, तुकडे किती ताणाला तुटले. डब्ल्यूपीएस हा त्या पंचनाम्याच्या आधारे काढलेला हुकूम आहे, म्हणून त्यात मर्यादा येतात: १२ मिलिमीटरच्या प्लेटवर पंचनामा झाला असेल, तर साधारणपणे ५ ते २४ मिलिमीटरपर्यंतच्या कामाला हुकूम काढता येतो. आणि डब्ल्यूपीक्यूमध्ये पद्धतीची परीक्षा नसतेच, ती माणसाच्या हाताची असते. पद्धत सिद्ध झाली म्हणजे हात सिद्ध झाला असे होत नाही, हे कळल्यावर अर्धे पुस्तक आपोआप जागेवर बसले.

उरलेले अर्धे इंग्रजीने अडवले होते. मी मराठी माध्यमातला. आपण दोनशे पानी वही आणून तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेत: शॅल म्हणजे केलेच पाहिजे, शुड म्हणजे केलेले बरे, मे म्हणजे करता येईल. तोवर ही तिन्ही क्रियापदे मी एकाच सुरात वाचत होतो. तक्त्याखालच्या टिपा तक्त्याच्या आधी वाचायच्या, हा नियमही त्याच पानावर आहे.

एकदा बेंड टेस्टला वेल्डमधून कापलेली पट्टी वाकवल्यावर बाहेरच्या बाजूस बारीक चीर दिसली आणि वेल्डरचा चेहरा उतरला. मी नापासचा शेरा लिहायला घेतला होता. आपण पट्टीमापाने चीर मोजायला लावलीत. ती दोन मिलिमीटरची निघाली, आणि कोडची मर्यादा तीन मिलिमीटरची आहे. तो वेल्डर उत्तीर्ण झाला. कोड जसे सोडत नाही तसे विनाकारण अडवतही नाही, असे आपण त्याच्यासमोर म्हणालात, याचे मला आजही अप्रूप वाटते, कारण निरीक्षकाने कडकच असावे अशी आमच्याकडे रीत आहे.

सहा महिन्यांच्या नियमाची वहीही (एखादी प्रक्रिया सहा महिने हातून झाली नाही तर त्या प्रक्रियेपुरती पात्रता संपते) मी आपल्या पद्धतीने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासतो. मागच्या वर्षी एका वेल्डरचे आर्गन काम पाच महिन्यांहून अधिक काळ झालेले नव्हते, ते त्या तपासणीत वेळेवर लक्षात आले आणि त्याला एक छोटा जॉब देऊन भागले.

कोडची आवृत्ती दर दोन वर्षांनी बदलते, त्यामुळे आपल्या वहीत मी काही ठिकाणी पेन्सिलीने नवे क्रमांक घातले आहेत. ते बरोबर आहेत का, हे आपण पाहावे अशी विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी वही घेऊन येतो. बेंड टेस्टची ती पट्टीही आणतो. वेल्डरने ती जपून ठेवली होती आणि आपल्याला द्यायला सांगितली आहे.

आपला कृतज्ञ,
भोसरीतील एक वेल्डिंग निरीक्षक