बांगिमे ही सांकेतिक बोली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या माली देशातल्या बांगिमे भाषेवर छोटी चौकट होती. तीत तिला ‘डोगोन लोकांची सांकेतिक बोली’ म्हटलंय. वाचून राहवलं नाही.

माझे वडील हेडी, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीतले दलाल होते. वडगावच्या जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरायचा, आणि दोन हेडी आपसात काय बोलतात ते शेजारी उभ्या शेतकऱ्याला उमगायचं नाही. लहानपणी मला ती वेगळीच भाषा वाटे. पुढे शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा ध्यानात आलं, बदललेले असायचे ते आकडे आणि दहा-वीस नावं. ‘आहे’, ‘नाही’, ‘देतो’, सगळे प्रत्यय, मराठीच. सांकेतिक बोली म्हणतात ती ही.

बांगिमेचं तसं नाही. बांदियागारा पठाराच्या पश्चिम कडेच्या सात गावांत ती बोलतात. नावाचा अर्थच ‘गुप्त भाषा’ असा सांगतात. घोटाळा तिथंच झाला असावा. बोलणारे स्वतःला डोगोन म्हणवतात, पण आजूबाजूच्या डोगोन भाषांशी तिचं ना शब्दांचं नातं जुळतं, ना व्याकरणाचं. डच अभ्यासक स्टेफान एल्डर्स तिच्या अभ्यासासाठी गेले आणि २००७ मध्ये मालीतच वारले. पुढे अ‍ॅबी हांटगन यांनी २०१३ साली तिच्यावर प्रबंध पुरा केला. एवढ्या कष्टानं नोंदलेल्या भाषेला आपण एका ओळीत बोली करून टाकायचं?

आणि मालीपर्यंत कशाला जायचं. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे, निहाली भाषा आहे. बोलणारे दोन-अडीच हजार. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सननी तिला कोरकू या आदिवासी भाषेशेजारी बसवलं, डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली तीही गुप्त बोली असावी अशी शंका घेतली. तिच्यात कोरकू आणि मराठी शब्द भरपूर, पण ते बाजूला काढल्यावर जे उरतात त्यांतले बरेच कुणाचेच नाहीत. जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांखालच्या भाषांची नावं येत नाहीत, म्हणून तिथंही ती सापडायची नाही.

बांगिमेची दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि जळगाव जामोदला बातमीदार पाठवून, बोलणाऱ्यांनाच विचारून, निहालीवर पानभर मजकूर द्यावा. तीस वर्षं मराठी शिकवली, पण वर्गात तिचं नाव एकदाही घेतलं नाही. मलाच ते ठाऊक नव्हतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर