युद्धातल्या प्रेमकथा वाचायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

कापसाची उलंगवाडी झाली, वावरातली कामं आटोपली, म्हणून आता निवांत लिहायला बसलो. गावच्या ड वर्ग ग्रंथालयात दुसऱ्या महायुद्धातल्या प्रेमकादंबऱ्यांचं एक कपाट तुम्ही उभं केलं, त्याबद्दल आभार आहेतच. पण पुस्तकं आणून देणारे पुष्कळ भेटतात. ही पुस्तकं वाचायची कशी, हे तुम्ही दाखवलं, आणि हे जाहीर पत्र त्यासाठी आहे.

साडेतीनशे पानांची इंग्रजी कादंबरी एकीनं मराठीत सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, यात घोळ कुठं होतो हे तुम्हाला नेमकं माहीत. नायकाला पलटणीत आडनावानं हाक, घरी लाडाच्या नावानं, आणि नायिका त्याला तिसऱ्याच नावानं बोलावते. ऐकणाऱ्या बाईला वाटतं, ही तीन माणसं आहेत. म्हणून खुणेच्या पट्टीवर एका माणसाची सगळी नावं एकाच ओळीत लिहायची. या कादंबऱ्यांत बहुधा एक प्रकरण तिच्या नजरेतून असतं, पुढचं त्याच्या. तेव्हा सुरुवातीलाच ‘आता तो सांगतोय’ एवढं म्हटलं की पुरे.

प्रकरणाच्या डोक्यावरची तारीख घाईत गाळली जाते, आणि खरी गंमत तर तिथंच असते. तुम्ही आखून दिलेल्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, युद्धात काय चाललंय, ती कुठं, तो कुठं. ‘लंडन, ऑगस्ट 1940’ असं दिसलं की 7 सप्टेंबरला त्या शहरावर रात्रंदिवस बॉम्ब पडायला सुरुवात होणार, हे वहीत आधीच लिहिलेलं असतं. तिला ते ठाऊक नसतं. ती लग्नाच्या तारखेचा विचार करत असते, आणि ऐकणाऱ्यांचा जीव खालीवर होतो. वही नसती तर ते पान नुसतं गोड वाटून उलटलं असतं.

चहाची पुडी तर कुणीच विसरणार नाही. इंग्लंडात जुलै 1940 पासून रेशनवर माणशी आठवड्याला 2 औंस चहा मिळायचा, म्हणजे साधारण 57 ग्रॅम. तुम्ही वाण्याकडून तेवढीच पत्ती तोलून आणली आणि कागदावर पसरून ठेवली. मूठभरसुद्धा नाही! त्यानंतर नायिका अनोळखी जखमी शिपायासाठी चहाचं आधण ठेवते, ते वाक्य सगळ्यांना वेगळंच ऐकू आलं. कपड्यांचंही तसंच. जून 1941 पासून वर्षाला 66 कूपनं, त्यातली 11 एका लोकरी झग्यावर जायची, आणि पुढे कूपनं आणखी घटली. मग ती मागून आणलेल्या पोशाखात लग्नाला उभी राहते, यात लेखिकेचा भावुकपणा शोधायचं कारण उरत नाही.

पत्रं ही या कादंबऱ्यांची नाडी. सैनिकाला आपण कुठं आहोत हे लिहायची मुभा नव्हती. त्याच्याच तुकडीचा अधिकारी पत्र वाचायचा आणि नको तो मजकूर खोडायचा. त्यामुळे पत्रात पाऊस आणि जेवण यांचंच वर्णन जास्त असतं; त्याला फिकं म्हणून सोडू नये, हे तुम्ही सांगितलं. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख वहीत शेजारी-शेजारी मांडली, की दोघांतला अर्धा गैरसमज तिथंच उलगडतो. आघाडीवरचं पत्र लेखिकेनं दोन दिवसांत घरपोच केलं, तर पुस्तक कच्चं समजायचं.

मेलेला म्हणून रडून घेतलेला नायक शेवटच्या वीस पानांत परत येतो, यावर आपल्यात वाद झाले. तुमचा निकाल पटला. तारेत ‘बेपत्ता’ असेल तर दार उघडं आहे, कारण युद्धकैद्याची खबर जिनिव्हाच्या रेडक्रॉसमार्फत यायला आठवडे, कधी महिनेही लागायचे. ‘ठार’ अशी तार देऊन मग त्याला उभा करणं मात्र बहुतेक वेळा फसवणूक. असाच एक खडा पेनिसिलिनचा. त्याच्या इंजेक्शननं रुग्णावर उपचार पहिल्यांदा फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला झाले, तेव्हा 1940 च्या इस्पितळात परिचारिका त्याचं इंजेक्शन देत असेल तर लेखिकेनं अभ्यास केलेला नाही. हेरगिरीच्या कथेत नायिका बिनतारी यंत्राची पेटी झुलवत चालते. ती पेटी सुमारे 15 किलोची असे. डोक्यावरून ज्वारीचं गाठोडं वाहणाऱ्या बाईला यावर जास्त सांगावं लागत नाही. खरा मापदंड म्हणून तुम्ही हिंदी वंशाच्या ब्रिटिश हेर नूर इनायत खानचं नाव दिलं: जून 1943 मध्ये फ्रान्समध्ये उतरलेली, पॅरिसमधून संदेश पाठवणारी, 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली.

प्रेम आणि युद्ध यांच्यासोबत या कथांचा तिसरा धागा ख्रिस्ती श्रद्धेचा. तो नीट समजावा म्हणून तुम्ही मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता 23 आणि 91 काढून दिली, सोबत ना. वा. टिळकांचे अभंग ठेवले. कसोटी मोठी नेमकी होती: प्रार्थना केली आणि गोळी चुकली, असं असेल तर धागा कच्चा, प्रार्थनेनं तिला रुग्णांच्या रांगेत दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं बळ आलं, तर पक्का. वारीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायांनी हे सगळ्यांत आधी ओळखलं.

वहीत पाचवा रकाना ‘आपल्याकडे’ हा तुम्ही नंतर जोडला, आणि आम्हाला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. 23 डिसेंबर 1941, रंगूनवर बॉम्ब. 16 ऑगस्ट 1942, चिमूर आणि आष्टीचा ‘छोडो भारत’ उठाव. 1943, बंगालचा दुष्काळ. 1944, इंफाळ-कोहिमाची लढाई. 25 लाखांवर हिंदी सैनिक या युद्धात होते. त्यांचीही कुणीतरी वाट पाहत होतं. ज्या कादंबरीत हा देश फक्त चहाच्या मळ्यांपुरता येतो, ती आम्ही आता थोड्या रागानंच वाचतो. पण वाचतो, कारण त्या बाईचं वाट पाहणं खोटं नाही.

आता पहिल्या महायुद्धाच्या कादंबऱ्यांसाठी नवी वही आखली आहे. त्या काळच्या छापील लष्करी कार्डावर ‘मी बरा आहे’, ‘मी इस्पितळात आहे’ अशी वाक्यं असत आणि नको ती खोडायची. वर एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट होई. तेवढ्या खोडाखोडीतून बाईनं काय ताडायचं, हे पुढच्या खेपेला तुमच्याकडून ऐकायचं आहे. 1914 ते 1918 मधली तीन-चार पुस्तकं यादीत घ्यावीत ही विनंती.

आपल्या,
गावातल्या वाचक बाया
जि. वर्धा