आज पाणी किती फूट?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर बाबा तिसऱ्या वाक्याला ‘घे, आईशी बोल’ म्हणतात आणि आई चौथ्या वाक्याला ‘आज काय केलंस जेवायला’वर येते. म्हणून लिहायला बसले.

परवा फोन आपटला, ते चुकलंच. पण राग कशाचा आला ते सांगू द्या. बाबा मोरीत पाय घसरून पडतात, मनगट मोडतं, मिरजेला जाऊन प्लॅस्टर घालून येतात, आणि मला ते तीन आठवड्यांनी वरच्या काकूंकडून कळतं! त्या तीन आठवड्यांत आपण पाच-सहा वेळा व्हिडिओ कॉलवर बोललो. दर वेळी फोन आईच्या हातात आणि बाबा अर्धेच दिसायचे. एकदा डाव्या हाताने चहा पीत होते. मी विचारलंसुद्धा, तर आई म्हणाली, ‘उजव्या हातात पेपर आहे त्यांच्या.’ आई, तुला इतक्या पटकन कसं सुचतं गं?

नवीन नाहीच हे. २०१९चा ऑगस्ट आठवा. मी इथे टीव्हीसमोर. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, आपल्या सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं, एवढंच ऐकत होते. बाबा फोनवर म्हणाले, ‘पाणी अजून पायरीखाली आहे, गावभागात एवढं येत नाही.’ नंतर कळलं, तेव्हा तुम्ही दोघं माळ्यावर तांदळाची पोती चढवत होतात आणि पाणी उंबरा ओलांडून आत आलं होतं. मग दीड दिवस फोन बंद. आयर्विनला ५७ फूट झाल्याचं ऐकलं त्या रात्री मी झोपले नाही. निघावं म्हटलं तर रस्ते बंद. विश्रामबागहून मावशीचा फोन आला, ‘आलेत गं दोघं बोटीतून, तुझी आई बोटीत भडंग वाटत होती,’ तेव्हा आधी रडले, मग हसले. पुराच्या पाण्यातून डबा घेऊन निघणारी आणि पोरीला मात्र पायरीखालचं पाणी सांगणारी माणसं तुम्ही.

पूर ओसरल्यावर गाळ काढायला आले, तेव्हा बाबा भिंतीवर रंगाने रेघ मारत होते. २००५ची रेघ माझ्या घोट्याच्या जरा वर, २०१९ची थेट छातीला. नंतर त्या दोघींच्या मध्ये २०२१चीही आली. मला तेव्हा वाटलं होतं, हा काय छंद! आईने तर नवीन चुना देताना त्या पुसायचाच घाट घातला होता. पण २०२१ला बाबांनी काय केलं? चाळीस फुटांची इशारा पातळी गाठल्याबरोबर बांधाबांध केली आणि पंचेचाळीसची धोका पातळी यायच्या आत तुम्ही मावशीकडे पोचलात. मला फोन करून आकडासुद्धा सांगितलात. त्या पुरात मी व्यवस्थित झोपले. पाणी येणारच होतं, पण किती आलंय ते मला माहीत होतं.

बाबा, मी सहावीत असेन, तुम्ही मला पेढीवरून सायकलवर हरिपूरला नेलं होतंत, पेवं दाखवायला. सदऱ्याच्या कॉलरपर्यंत हळद बसलेली असायची तुमच्या. नदीकाठच्या त्या मातीत एवढं खोल खणून हळद ठेवतात आणि ती वर्षानुवर्षं टिकते, याचंच मला नवल वाटत होतं. तुम्ही सांगितलं होतंत की पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी आत हवा खेळू द्यायची, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला, तर थांबायचं. ‘आतली हवा बसून बसून मारकी होते,’ म्हणाला होतात.

तर आता माझं पेव उघडते. जरा लांब उभे राहून वाचा.

फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. आमच्या विभागातली बरीच माणसं एकदम कमी केली, त्यात मी. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तुमचा फोन आला की मी ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते’ म्हणायचे ना, तेव्हा मी घरीच असायचे. एकदा तर मिक्सरवर चटणी वाटत होते. आई, तू विचारलंस, ‘कसला आवाज येतोय?’ मी म्हटलं, ‘ऑफिसखाली रस्ता खणतायत.’ हे मला इतक्या पटकन कुठून सुचलं, ते आता तुला कळलं असेल.

मेमध्ये नवीन नोकरी लागली. पगार कमी आहे, पण घर चालतं, हप्ता जातो. जावईबापूंना सगळं माहीत होतं, त्यांनी सांभाळून घेतलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण बाबा लगेच ठेव मोडून पैसे पाठवतील आणि आई उपास धरेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही प्लॅस्टर लपवलंत, कारण मी रजा टाकून धावत येईन हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. एकमेकांना इतकं ओळखून आपण तिघांनी काय केलं, तर एकमेकांपासून तोंड लपवलं. त्या तीन महिन्यांत मला सगळ्यात जास्त कशाची ओढ होती माहीत आहे? आईने ‘जाऊ दे गं, मेली नोकरी’ म्हणावं याची. आणि ते म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती.

म्हणून एक ठरवू या. यापुढे फोनवर मी ‘कसे आहात’ विचारणार नाही. ‘बरं आहे’ हे उत्तर तुमच्याकडे तयारच असतं. मी विचारणार, ‘आज पाणी किती फूट?’ आणि तुम्ही आकडा सांगायचा. गुडघे दुखतायत, झोप नाही, तर पस्तीस. चाळीस म्हणालात, तर मी रोज फोन करीन, पण येणार नाही, शब्द देते. पंचेचाळीस म्हणालात, की मिळेल त्या गाडीने निघणार, तेव्हा ‘कशाला आलीस’ म्हणायचं नाही. दोघांनी आपापला आकडा सांगायचा. आई बाबांचा सांगते आणि स्वतःचा गिळते, ते चालणार नाही.

माझं आज बत्तीस. फेब्रुवारीत चव्वेचाळीस होतं.

शनिवारी येते आहे, सोनूला घेऊन. त्याला त्या रेघा बघायच्या आहेत, आणि तो त्यांच्याशेजारी उभा राहून स्वतःची उंची मोजणार आहे म्हणे. भडंग करून ठेवू नकोस, आल्यावर मी करते, तू नुसती बस. बाबा, डाव्या हाताने का होईना, आजचा आकडा लिहून मोबाइलवर फोटो पाठवा.

तुमची,
चिमी

ता. क. वरच्या काकूंवर रागावू नका. त्यांनी चुगली केली नाही. ‘बाबांचं प्लॅस्टर कधी निघणार हो?’ असं मीच माहीत असल्यासारखं अंदाजाने विचारलं, तेव्हा त्या फसल्या.