४२ नॉटची क्रूझर मला नकोच

प्रिय मन्या,

फोनवर मी क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) डिझाइन करतोय म्हटलं तर तू हसलास, पण आता सगळं ऐकावं लागणार, कारण इंजिनरूम आतून बघितलेला माझ्या ओळखीतला माणूस तूच एक. मी धरलंय की साल १९२८ आहे, मी इटलीच्या नौदलाच्या ड्रॉइंग ऑफिसात बसलोय आणि वरून ऑर्डर आलीय, फ्रेंचांचे दोन हजार टनांच्या वरचे मोठे डिस्ट्रॉयर (क्रूझरहून लहान, चपळ युद्धनौका) पाठलाग करून फोडेल अशी वेगवान बोट द्या.

खरोखर ही ऑर्डर आली होती आणि त्यातून ज्युसानो क्लासच्या चार क्रूझर निघाल्या. साधारण पाच हजार टन, सहा इंची आठ तोफा, ९५,००० हॉर्सपॉवर, आणि त्यातली बार्बियानो ट्रायलला ४२ नॉटच्या (ताशी जवळपास ७८ किमी) वर पळाली! कागदावर बघितलं की वेड लागतं. पण ट्रायल कशी घेतली ते बघ, तोफांचे काही टरेट (फिरते बुरूज) बसवलेलेच नव्हते, बोट हलकी केलेली, इंजिनं ठरलेल्या ताकदीच्या बरीच वर खेचलेली, आणि यार्डला ठरलेल्या वेगाच्या वर बोनस मिळायचा म्हणे. शोरूमवाला बाइकचं ॲव्हरेज सांगतो तसला प्रकार. लढाईत तेल, दारूगोळा, माणसं भरून त्याच बोटी ३०-३२ च्या आसपास.

आता गंमत ऐक. १९ जुलै १९४० ला क्रीटजवळ केप स्पाडाला यातल्या दोघी, कोलेओनी आणि बांदे नेरे, ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरच्या तावडीत सापडल्या. सिडनीचा वेग ३२.५ नॉट, हॉर्सपॉवर ७२,०००, म्हणजे कागदावर तिला यांची धूळ पण दिसायला नको. पण यांना काही सुटता येईना, कोलेओनीची इंजिनं एका माऱ्यात बंद पडली आणि मग सिडनीसोबतच्या डिस्ट्रॉयरांनी टॉर्पेडो मारून बुडवली. बांदे नेरे निसटली, आणि सिडनीला लागला फक्त एक गोळा, तोही चिमणीला. सिडनी म्हणजे आपल्या आयएनएस दिल्लीच्या घराण्यातली बरं का. दिल्ली आधी न्यूझीलंडची ॲकिलीस होती, १९३९ ला दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला जर्मनीच्या ग्राफ स्पे या युद्धनौकेशी भिडलेली, १९४८ ला आपल्याकडे आली, १९६१ ला पोर्तुगिजांविरुद्ध दीवला होती, आणि १९७८ ला मुंबईतच भंगारात गेली. (अजून एक, रिव्हर प्लेट १३ डिसेंबरला, आणि १९४१ ला त्याच तारखेला ट्युनिशियाजवळ केप बॉनला बार्बियानो आणि ज्युसानो डेकवर पेट्रोलचे पिंप भरून चाललेल्या असताना शत्रूच्या चार डिस्ट्रॉयरांनी रात्रीत जाळल्या. फ्रेंच डिस्ट्रॉयर मारायला बांधलेल्या बोटी, शेवट डिस्ट्रॉयरांच्याच हातून.)

तर मी पहिल्यांदा वेगालाच कात्री लावली. दोन्ही घराण्यांच्या बोटी लांबीला जवळपास सारख्याच, १६९ मीटर, फक्त इटालियन बोट दीडेक मीटरने अरुंद. तेवढ्या लांबीच्या बोटीला साधारण ३१-३२ नॉटपर्यंत पाणी बऱ्यापैकी साथ देतं, त्यापुढे ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते आणि प्रत्येक नॉटची किंमत भयंकर वाढते. नुसता घनाचा हिशोब लावला तरी ३४ चे ४२ करायला जवळजवळ दुप्पट हॉर्सपॉवर, आणि खरं त्याहून जास्तच लागतं. शिवाय तेवढ्या बॉयलरांना जागा लागते, जागेसाठी लांबी, लांबीसाठी पोलाद, मग वजन कापायला चिलखत जातं. माझी अट एवढीच की पूर्ण भरलेली असताना, तळाला शेवाळ असताना, ३३-३४ नॉट तासन्‌तास निघाले पाहिजेत. त्याला मी ८०,००० हॉर्सपॉवर धरलेत.

चिलखताचा हिशोब मी हातानेच केला. इंजिनं-बॉयलर झाकायला ८० मीटर लांब, ४ मीटर उंच पट्टा, दोन्ही बाजूंना. ज्युसानोवर होता तसा २४ मिमीचा धरला तर १२० टन, ६० मिमीचा केला तर ३०० टन. म्हणजे १८० टनांसाठी त्यांनी अख्खी बोट उघडी ठेवली! ६० मिमी पण सहा इंची गोळ्याला जवळून अडवणार नाही हे मान्य, पण लांबून आलेला तिरका गोळा किंवा डिस्ट्रॉयरचा मारा सोसायची आशा तरी राहते. हे टन मी काढले विमानाचा हँगर आणि ते उडवायचा कॅटपल्ट फेकून, १५,००० हॉर्सपॉवर कमी करून, आणि आठाच्या सहा तोफा करून. सहा ऐकून तू शिव्या घालशील, पण ज्युसानोच्या टरेटमध्ये दोन्ही तोफा एकाच पाळण्यात, एकमेकींना इतक्या चिकटून, की गोळे हवेत एकमेकांना त्रास देत आणि मारा भलतीकडे पसरे. माझ्याकडे प्रत्येक तोफ वेगळी वरखाली होते, त्यामुळे टरेट जड झाला आणि तीनच बसले. नेम लागणाऱ्या सहा मला चालतील.

आता वजन ५,५०० टन येतंय, तेही तहाच्या भाषेतलं, म्हणजे इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी न धरता. १९२२ च्या वॉशिंग्टन तहात क्रूझरला १०,००० ची मर्यादा होती, सो तिथे कटकट नाही. नाव ठेवलंय कारमान्योला. इटलीवाल्यांनी या बोटींना जुन्या भाडोत्री सेनापतींची नावं दिली होती, त्याच यादीतलं. त्याचं पुढे व्हेनिसवाल्यांनी मुंडकं उडवलं, पण नाव भारी आहे.

एकच गोष्ट अडलीय आणि पत्राचं खरं कारण तेच. मी बॉयलररूम, इंजिनरूम, परत बॉयलररूम, परत इंजिनरूम अशी आलटून पालटून मांडणी केलीय, एका माऱ्यात सगळं बंद पडू नये म्हणून. शाफ्ट (पंखे फिरवणारे दांडे) दोनच. पण पुढच्या इंजिनाचा शाफ्ट मागच्या बॉयलररूमच्या कडेने काढावा लागतोय आणि बोटीची रुंदी जेमतेम १६ मीटर. बोट चालू असताना त्या शाफ्टच्या बेअरिंगपर्यंत माणूस पोचून हात लावायला किती जागा लागते रे? पाऊण मीटर पुरेल का? नाहीतर मागचे बॉयलर लहान करावे लागतील आणि मग माझे ३४ पण गेले. स्केच सोबत जोडतोय, पेन्सिलने वाट्टेल ते खोड आणि लवकर परत पाठव.

तुझाच,
पक्या