बाई, तुमच्या लाल पेनासाठी

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आपल्या दोन घरांमध्ये फक्त दोन जिने आहेत. बेल वाजवून हे समोरासमोर सांगता आलं असतं, पण आभाराचा शब्द निघाला की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. शिवाय या महिन्यात तीन आयांनी मला विचारलं, "घरी शिकवायचं तुमचं सहावीचं वेळापत्रक पाठवता का?" त्यांना पाठवण्याजोगं वेळापत्रक माझ्याकडे नाही. जे आहे ते तुमच्याकडून आलंय. म्हणून हे पत्र त्यांनीही वाचावं अशा बेताने लिहिते आहे.

मागच्या वर्षी पाचवी संपली आणि आम्ही लेकीला घरीच शिकवायचं ठरवलं. घोडबंदर रोडवर स्कूलबसमध्ये तिचे रोज दोन-अडीच तास जायचे आणि घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली होती. ठरवताना मी ठाम होते, ठरवून झाल्यावर मात्र आठ दिवस झोप लागली नाही. पाचवीपर्यंतचं कसंही निभावलं असतं. सहावीत ऋण संख्या येतात, समीकरणं येतात, शेकडेवारी येते. मला झेपेल का हे?

त्या घाबरटपणातून मी एक तक्ता केला. सात विषय, चाळीस मिनिटांच्या तासिका, सोमवार ते शनिवार, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. जोडीला परदेशी अभ्यासक्रमाचा एक महागडा संच मागवायच्या बेतात होते. तक्ता तुम्हाला दाखवायला आणला तेव्हा खरं सांगते, शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही चष्मा लावून तो नीट वाचलात आणि विचारलंत, "यात तुझी मुलगी कुठे आहे?"

मग लाल पेनाने शुक्रवार पूर्ण खोडलात. दुपारही खोडलीत. शहापूर तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला तासिकांचं कौतुक नसतं, हे मला तेव्हा कळलं. चार वर्ग आणि दोन शिक्षक. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग आपलं आपण कामाला लागला पाहिजे, ते जमलं की निम्मी शाळा जमली, असं तुम्ही म्हणालात. "एकट्या मुलीला सकाळचे दोन तास पुष्कळ झाले. बाकीचा दिवस तिला रिकामा लागतो. आणि टाचण काढायचं ते आठवड्याचं. वर्षाच्या नियोजनाला एक पान पुरे."

सरकारी बाजू तुम्ही एका संध्याकाळी उरकलीत. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक जपून ठेव. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची आठवीच्या पातळीची परीक्षा असते, दहावीही तिथून होते आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की तिला प्रवेश मिळतो. राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मला सगळ्यात मोठा धीर मिळाला तो शेवटच्या गोष्टीने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे उद्या नाहीच जमलं तर शाळेचं दार बंद झालेलं नाही. त्या रात्री मी झोपले.

पुस्तकांचा प्रश्नही तुम्ही तसाच सोडवलात. परदेशी संच रद्द. बालभारतीची सहावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, ती उतरवून घे म्हणालात. आणि एकही धडा सुरू करायच्या आधी तीन आठवडे मला लेकीकडे नुसतं बघायला लावलंत. ती काय हातात घेते, कुठे अडते, कुठून उठून जाते, हे रोज वहीत चार ओळी. माझ्यासारखीला हे जड गेलं. तीन आठवडे वाया जाताहेत असंच वाटत होतं.

पण त्या वहीतूनच अपूर्णांकांचा घोळ सापडला. बाराला तीनाने भागणारी मुलगी पाऊण म्हटलं की गप्प व्हायची. समच्छेद करायची रीत तिला पाठ होती, पण पाऊण मोठा की दोन तृतीयांश, हे तिला डोळ्यांपुढे दिसत नव्हतं. सहावीचं पुस्तक मिटून तुम्ही शिवणाची टेप काढलीत. इंच, अर्धा, पाव, अर्धपाव. नंतर पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे. माझ्या आजीच्या तोंडची औटकी मी तुमच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांनी ऐकली. औट म्हणजे साडेतीन, हे लेकीला इतकं आवडलं की ती आता घड्याळातही 'औट वाजले' म्हणते. दीड महिना गेला त्यात. माझ्या जुन्या तक्त्यात त्याला चार तासिका होत्या.

इतिहासाचं तर मला अजून नवल वाटतं. सहावीला प्राचीन भारत. मी प्रश्नोत्तरांची तयारी केली होती, तुम्ही म्हणालात, "नालासोपाऱ्याला जाऊन या." तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला. गावातले लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, म्हणून पुढच्या शुक्रवारी तिथे. त्या दगडापुढे लेक बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे वाचायला शिकायला किती दिवस लागतात?" तीन आठवडे लागले. ब्राह्मी लिपी ती. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठाण्याचा ठ म्हणजे नुसता एक गोल, आजच्या ठच्या पोटात तोच गोल बसलाय. वाण्याची यादी ती अजून ब्राह्मीत लिहिते, आणि यादी घेऊन मला जावं लागतं.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. इंग्रजी हळूहळू येईल, घाई नको, असं तुम्ही म्हणत होता. मी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन चालू ठेवलं, आणि ते योग्य होतं असं मला आजही वाटतं. तुम्ही त्यावरून एकदाही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

पण हे पत्र खरं तर गेल्या मे महिन्यातल्या त्या दुपारसाठी आहे. आपलं ठाणं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सव्वाएकोणीस अंशांच्या आसपास. म्हणून मेच्या मध्यावर एक दिवस भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. भूगोलात वृत्तं झालीच होती. तुम्ही तिला एवढंच विचारलंत, "किती वाजता गं नाहीशी होईल?" ती बारा म्हणाली. तुम्ही नकाशाची वही पुढे सरकवलीत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, ठाणं त्र्याहत्तरच्या जवळ. फरक साडेनऊ अंशांचा. एका अंशाला चार मिनिटं. अडतीस मिनिटं! १२ वाजून ३८ मिनिटांनी, असं तिने पैजेने सांगितलं.

गच्चीवर आपण मीटरभर पाइप ओळंब्याने सरळ उभा केला. तुम्ही डोक्यावर पदर घेऊन, एवढ्या उन्हात, गुडघे दुखत असताना. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गोळा झाली तेव्हा वाजले होते १२ वाजून ३४ मिनिटं. ३८ ला ती दुसऱ्या बाजूला सरकलेली होती, साधारण दीड सेंटिमीटर. लेकीने गणित पुन्हा केलं. बरोबरच होतं. तिचं तोंड उतरलं. मी उत्तर शोधायला फोन काढला आणि तुम्ही माझा हात धरलात. "थांब. तिचं तिला शोधू दे. वहीत लिहून ठेव म्हणावं." तिने लिहिलं, 'चार मिनिटं कुठे गेली?' आणि खाली तारीख.

बाई, शाळेत असताना मला असा एकही प्रश्न वहीत ठेवू दिला गेला नाही. प्रत्येक प्रश्नाखाली त्याच दिवशी उत्तर असायचं, लाल शाईत तपासलेलं. मी लेकीला तसंच शिकवायला निघाले होते.

सातवीचं नियोजन मी केलंय, एका पानाचं. शुक्रवार मोकळा आहे. इतिहासात मराठे येतात, म्हणून सुरुवात १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलेल्या आपल्या ठाण्याच्या किल्ल्यापासून. आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे बाहेरूनच बघावं लागेल. शनिवारी पान घेऊन येते, लाल पेन जवळ ठेवा.

आणि त्या चार मिनिटांचं उत्तर मी वाचून काढलंय. पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी थोडा पुढे असतो, कधी मागे. लेकीला सांगितलेलं नाही. दर पंधरवड्याला ती पाइप उभा करून वेळ लिहिते, तुम्ही शिकवल्यासारखी, आणि अजून कुणालाच विचारत नाही. हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची