बाळ्या, छपाईचं काम पुन्हा माझ्याकडं आलंय

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, पाऊस थांबलेला नाही. पत्राचं कारण वेगळं आहे. वृद्धाश्रमात काल एक छापील कागद हातात आला, आणि त्यात काय बिघडलंय ते आपल्यासारख्या, छापखान्यात ट्रेडल मशीनजवळ उभं राहिलेल्या माणसालाच कळेल.

ट्रस्टींनी ठरवलंय, मजल्या-मजल्यावरचे जुने प्रिंटर काढायचे आणि तळमजल्याच्या ऑफिसात एकच मोठं मशीन भाड्यानं घ्यायचं. प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन सगळं त्यातच. पानामागं पैसे, टोनर आणि दुरुस्ती मशीनवाल्या कंपनीकडं. नमुना म्हणून त्यांच्या माणसानं येळ्ळूरच्या आक्कांचा गोळ्यांचा तक्ता काढून दिला. मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तू ओळखलंस ना? फाइल युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधली, आणि तो फॉन्ट त्याच्या लॅपटॉपवर नाही. तो म्हणतो, ‘मग इंग्लिशमध्येच काढूया की सर.’ आक्कांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि मला विचारलं, ‘ह्यात माझं नाव कुठं हाय रे?’

तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

कन्व्हर्टरनं फाइल युनिकोडमध्ये आणता येते, तेच काम रोज करत बसतो. पण रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतातच, म्हणून प्रत्येक पान जुन्या प्रतीशी ताडायचं. आपल्या छापखान्यातल्या मास्तरांची पद्धत: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. आमची सिस्टर गोकाककडची, मराठी बोलते पण वाचत नाही. ती इंग्रजी चिठ्ठीवरून गोळीचं नाव वाचते, मी मराठीवर बोट ठेवतो. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडॅझोल शेजारी-शेजारी आले की दोघंही थांबतो. एक साखरेची, दुसरी जंतुसंसर्गाची. नावांची सुरुवात सारखीच. म्हाताऱ्यांच्या संध्या सुरक्षा पेन्शनचे कन्नड अर्ज जुन्या ‘नुडी’ ह्या कन्नड सॉफ्टवेअरात टाइप केलेले, त्यांचीही तीच गत. म्हणजे ह्या मशीनमधून तीन भाषा नीट बाहेर पडायला हव्यात, आणि कोटेशनमध्ये भाषेचं नावसुद्धा नाही.

आता अक्षराचा आकार. त्या लग्नपत्रिकेवरून आपण भांडलो ते तू अजून विसरला नसशील. तू बारा पॉइंटावर अडलास, मी चौदावर, शेवटी मास्तरांनी दोघांनाही खिळ्यांची केस साफ करायला बसवलं. बरोबर मीच होतो, हे आता तरी कबूल कर! मोतीबिंदूच्या डोळ्यांसाठी मी अठराच्या खाली यायला तयार नाही. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. त्याच पॉइंटात इंग्रजीपेक्षा आपलं अक्षर बारीकच दिसतं. आणि ओळींमध्ये भरपूर लेड, म्हणजे मोकळी जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तो माणूस म्हणाला, पानं वाढतील, बिल वाढेल. वाढू दे.

मशीनची एक गोष्ट मात्र मनापासून पटली. कागद लगेच बाहेर येत नाही; आपण समोर जाऊन पिन दाबला तरच छापतो. कुणाच्या आजाराचा कागद ट्रेमध्ये उघडा पडून येणारा-जाणारा वाचतो, हे बंद होईल. म्हातारपणी तेवढी अब्रू तरी राखायला हवी.

पण रात्रपाळीला वरच्या मजल्यावर एकटीच सिस्टर असते रे. कुणाला धाप लागली, सिव्हिलला न्यायचं ठरलं, तर बरोबर एक कागद जातो: कुठल्या गोळ्या चालू, कशाची ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. तो आणायला तिनं पेशंट सोडून जिना उतरायचा? त्यात लाईट गेली तर? लेसर मशीनमध्ये टोनर भाजून कागदावर बसवावा लागतो, त्या हीटरला एकदम इतका करंट लागतो की साध्या यूपीएसवर ते लावूच नये म्हणतात. म्हणून माझा हट्ट, प्रत्येक मजल्यावर एक छोटा शाईच्या टाकीचा प्रिंटर राहू द्या. तो यूपीएसवर चालतो. काळी शाई पिगमेंटची घ्या, म्हणजे पाण्याचा हात लागला तरी अक्षर पसरणार नाही. आणि रोज एक पान काढा, नाहीतर हेड सुकतं. आपल्याकडच्या पावसात उघडं रीम ओल धरतं आणि कागद अडकतो, हे तर आपण लहानपणापासून जाणतो. मोठं मशीन काही त्यातून सुटणार नाही.

गोळ्यांच्या डब्यांवरची लेबलं हा आणखी एक ताप. ती गरम करून छापायच्या कागदावरची, शाई नसलेली. उन्हाळ्यात खिडकीतल्या डब्यांवरची नावं पुसट झाली. सिस्टरनं वेळेत बघितलं म्हणून बरं. म्हणून मी रिबनवरच्या शाईनं छापणारा लेबल प्रिंटर मागितलाय. ट्रस्टी म्हणतात, ‘लेबलात काय एवढं?’ बाळ्या, तूच सांग मी त्यांना काय सांगू.

तुझ्या धाकटीचं जमलं, हे वहिनींनी कळवलं. फार बरं वाटलं. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. पुण्यात नातू मराठी वाचतो ना? कुंद्याच्या मिठाईचा डबा येणाऱ्याबरोबर पाठवतो.

पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. सोबत आक्कांच्या तक्त्याच्या दोन प्रती आहेत, एक सोळा पॉइंटातली, एक अठरातली. चष्मा काढून हातभर अंतरावर धर, लाल पेनानं खुणा कर आणि फोटो काढून पाठव. तुझ्या खुणा मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवणार आहे. आणि सोळाच पुरे म्हणालास तर भांडायला मी पुण्याला येतो.

तुझा,
दत्ता